सिंगापुरात घडलेला जर्मन कॅमेरा

आपल्या मंडळींना जुन्या वस्तूंची माया फार. आजीची पितळी परात, पानसुपारीचा डबा, देव्हाऱ्यातली समई, आईची लग्नातली पैठणी या वस्तू आपण पुसूनपासून पुढच्या पिढीच्या हाती देतो. त्यांच्याच शेजारी, कपाटाच्या वरच्या खणात, चामड्याच्या पेटीत एखादा कॅमेरा पडलेला असतो. त्याने बारशी टिपली, मुंजी टिपल्या, विमानतळावरचे निरोप टिपले. पण त्याच्याकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. "बिघडला असेल", "आता रोल कुठे मिळतात?" असे म्हणत वर्षे जातात आणि घर बदलण्याच्या दिवशी तो कारुंग गुनीवाल्याच्या पोत्यात जाऊन पडतो. (या 'गुनी'त आपलीच 'गोणी' दडलेली आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.)

वाचकहो, ती गोणी भरण्यापूर्वी तो कॅमेरा एकदा उजेडात न्या आणि त्यावर कोरलेली बारीक अक्षरे वाचा. कदाचित त्यावर 'रोलाय' हे जर्मन नाव असेल आणि सोबत 'मेड बाय रोलाय सिंगापूर' असे शब्द असतील. तसे असेल तर तुमच्या हातात केवळ जुना कॅमेरा नाही. आपल्या या बेटाच्या इतिहासातले एक पानच तुमच्या हातात आहे.

ब्राउनश्वाइगहून सिंगापूरला

रोलाय ही जर्मनीतील ब्राउनश्वाइग या शहरातली कंपनी. पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके या दोघांनी १९२० साली ती काढली. १९२९ साली त्यांनी दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स कॅमेरा बाजारात आणला आणि जगभरच्या छायाचित्रकारांच्या गळ्यात तो दिसू लागला. वरून डोकावून पाहायचा तो उभट पेटीचा कॅमेरा आपल्यापैकी अनेकांनी जुन्या स्टुडिओंत पाहिला असेल.

आपल्या गोष्टीचा नायक मात्र दुसरा आहे. हाइन्झ वास्के नावाच्या एका जर्मन तंत्रज्ञाने, आधीच्या कंपनीत नोकरीला असतानाच, फावल्या वेळात एका छोट्या कॅमेऱ्याचा आराखडा केला होता. पुढे तो रोलायमध्ये आला आणि त्याच आराखड्यातून 'रोलाय ३५' हा कॅमेरा जन्मला. १९६६ साली कोलोन येथील फोटोकिना प्रदर्शनात तो लोकांपुढे आला. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर पूर्ण आकाराचे, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरचे चित्र घेणारा इतका लहान कॅमेरा तोवर कोणी पाहिला नव्हता. लांबी दहा सेंटिमीटरहून थोडी कमी, उंची सहा सेंटिमीटर. सदऱ्याच्या खिशात मावावा असा. भिंगाची नळी आत ढकलली की कॅमेरा चपटा होतो, बाहेर ओढून फिरवली की कामाला तयार.

कॅमेरा उत्तम होता, पण तो बनवणे महाग पडत होते. असल्या कॅमेऱ्यात शेकडो बारीक भाग असतात आणि त्यांची जुळणी हातानेच करावी लागते. जर्मनीत मजुरी वाढत चालली होती आणि दुसऱ्या बाजूने जपानी कॅमेरे स्वस्तात विकले जात होते. तेव्हा कंपनीचे प्रमुख हाइनरिख पेझल यांनी कारखानाच पूर्वेकडे नेण्याचे ठरवले आणि त्यांची निवड सिंगापूरवर पडली.

त्या वेळचे सिंगापूर आठवा. १९६५ साली देश स्वतंत्र झाला. १९६८ च्या जानेवारीत ब्रिटिशांनी आपले लष्करी तळ हलवण्याचे जाहीर केले आणि १९७१ अखेर ते गेले. त्या तळांवर हजारो घरांची चूल पेटत होती. सरकारला नोकऱ्या हव्या होत्या, आणि त्याही नुसत्या अंगमेहनतीच्या नव्हेत, तर हाताला हुन्नर देणाऱ्या. अशा वेळी १९७१ च्या सुमारास रोलायचे कॅमेरे या बेटावर तयार होऊ लागले. पुढच्या दहा वर्षांत रोलाय ३५ चे निरनिराळे प्रकार, आरसा असलेले एसएलआर कॅमेरे, इतकेच काय, रोलायने विकत घेतलेल्या फॉइगटलँडर या जुन्या नावाचे कॅमेरेही येथेच घडले. कार्ल झाइस कंपनीच्या परवान्याने भिंगेही रोलाय स्वतःच करू लागली. ऐन भरात या कारखान्यांत हजारो माणसे कामाला होती आणि त्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा होता.

हात घडले

कारखाना आणता येतो. हात मात्र घडवावे लागतात. सिंगापूरच्या आर्थिक विकास मंडळाने परदेशी कंपन्यांना सोबत घेऊन प्रशिक्षण केंद्रे काढली, ती याच काळात. त्यांतले पहिले १९७२ साली निघाले ते टाटांच्या साहाय्याने. दुसरे १९७३ साली, रोलायच्या साहाय्याने. तिसरे १९७५ साली, फिलिप्सच्या साहाय्याने. मुंबईच्या टाटांचे नाव या यादीत पहिले आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. या केंद्रांत शाळा संपवून आलेली मुले कानस धरायला, लेथ चालवायला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवायला शिकली.

आम्हा शिक्षकांना एक गोष्ट रोज दिसते. फळ्यावर लिहिलेले मूल विसरते. हाताने केलेले सहसा विसरत नाही. ज्या मुलीने रोज शेकडो झडपा जुळवल्या, तिच्या बोटांना यंत्राची भाषा कळू लागते. कारखाना बुडाला तरी ती भाषा बुडत नाही.

आणि कारखाना बुडाला. जर्मन मार्क महाग झाला, नव्या कॅमेऱ्यांच्या आखणीत फार पैसा गेला, कंपनीने एकाच वेळी फार पसारा मांडला, आणि जपानी कॅमेऱ्यांपुढे तिचा निभाव लागला नाही. १९८१ साली ब्राउनश्वाइगची कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि येथील कारखाने बंद पडले. पण पुढच्याच वर्षी, १९८२ साली, संगणकाच्या डिस्क बनवणारी सीगेट कंपनी या बेटावर आली; मागोमाग तशाच आणखी आल्या. बारीक यंत्रकाम येणारे हात येथे तयार आहेत, हे त्यांना ठाऊक होते. शिकलेले काम वाया गेले नाही.

शिक्क्याची किंमत

रोलाय ३५ चे सर्व प्रकार मिळून सुमारे वीस लाख कॅमेरे बनले असे सांगतात, आणि त्यांतला फार मोठा वाटा सिंगापूरचा आहे. तरीही संग्राहकांच्या बाजारात एक विचित्र प्रकार चालतो. ज्यावर जर्मनीचा शिक्का आहे त्या कॅमेऱ्याला जास्त भाव. ज्यावर सिंगापूरचा शिक्का आहे त्याला कमी. आराखडा तोच, माप तेच, भिंगाची रचना तीच, मग फरक कशाचा? जर्मन कॅमेरे संख्येने कमी, हे एक कारण खरे आहे. पण दुसरे कारण मनातले आहे: मूळ गावचे ते अस्सल आणि दुसरीकडे घडलेले ते दुय्यम, ही समजूत.

बीज एका देशाचे, घडण दुसऱ्या देशाची. म्हणून वस्तू हिणकस ठरत नाही. मराठी कुळात जन्मून या बेटावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. पन्नास वर्षांपूर्वी येथे जुळवलेली झडप आजही सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटत असेल, तर अस्सलपणाचा आणखी कोणता दाखला हवा?

कॅमेरे जमवण्याचा छंद आपल्याला नवा नाही. मुंबईचे छायाचित्रकार दिलीश पारेख यांच्या चार हजारांहून अधिक जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनेस बुकात नोंद झाली. त्याही मागे गेलो तर मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. आपल्यातली माणसे या विद्येच्या उंबरठ्यावर पहिल्यापासून उभी होती. पण सर्वांना चार हजार कॅमेरे जमवणे शक्यही नाही आणि गरजेचेही नाही. घरात असलेला एक कॅमेरा चालता ठेवणे एवढे पुरे.

कपाटातला कॅमेरा तपासताना

आपल्या हवेचा दमटपणा हा जुन्या कॅमेऱ्याचा पहिला वैरी. भिंगावर बुरशी धरते आणि ती कोळ्याच्या जाळ्यासारखी काचेवर पसरते. म्हणून भिंग उघडे करून मागून बॅटरीचा उजेड टाकावा आणि तिरके पाहावे. धाग्यांचे जाळे दिसले तर समजावे की बुरशी आहे. ती नवी असेल तर कारागीर काच काढून स्वच्छ करू शकतो. जुनी असेल तर ती काचेवरचा लेप खाऊन टाकते आणि तो डाग कायमचा राहतो.

दुसरी पाहणी झडपेची. फिल्म न घालता प्रत्येक वेगावर झडप चालवून पाहावी. वेगाचे आकडे ठीक वाटले तरी अर्ध्या सेकंदासारख्या सावकाश वेगावर ती अडखळते का, हे कानाने ऐकावे. आतले तेल वाळून चिकट झाले की दातेरी चक्रे रेंगाळतात. हे काम घड्याळजीच्या कामासारखे आहे: उघडणे, धुणे, नेमक्या जागी थेंबभर तेल घालणे. घरी वरून तेल सोडण्याचा मोह मात्र आवरावा. ते पसरून भिंगाच्या पात्यांवर जाते आणि दुखणे वाढते. आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यांत झाकणाच्या कडेला प्रकाश अडवणारा स्पंज असतो. तो वर्षांनी विरघळून डांबरासारखा होतो. तो खरवडून नवा लावणे हे काम मात्र सवडीने घरी जमते.

रोलाय ३५ ची स्वतःची काही खोड आहे, ती ध्यानात ठेवावी. फिल्म पुढे नेण्याचा दांडा त्यात डाव्या हाताला आहे आणि फ्लॅश लावायची जागा कॅमेऱ्याच्या पोटाखाली आहे. दांडा ओढून झडप तयार केल्याशिवाय भिंगाची नळी आत ढकलू नये. ती अडली तर जोर लावू नये, आधी दांडा ओढावा. अनेक कॅमेरे केवळ या एका धसमुसळेपणाने मोडले आहेत.

प्रकाश मोजण्याचा काटा हलत नसेल तर लगेच निराश होऊ नये. या कॅमेऱ्यात १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागे. पारा विषारी म्हणून असे सेल आता जगभर बंद झाले आहेत. त्याऐवजी साधा १.५ व्होल्टचा सेल घातला तर काटा चुकीचे माप सांगतो. यावर सोपी तोड अशी की कानाच्या यंत्राला लागणारा झिंक-एअर सेल घालावा. त्याचा दाब १.४ व्होल्टच्या आसपास असतो. तो आकाराने थोडा लहान असल्याने भोवती एक कडे बसवावे लागते. सेलची जागा फिल्मच्या खणातच आहे, म्हणून तो बदलायचा तर रोल घालण्याच्या आधी. या काट्याला बंद करण्याचे बटण नाही. उजेड पडला की सेल खर्च होत राहतो. कॅमेरा ठेवून द्यायचा असेल तेव्हा सेल काढून ठेवावा हेच बरे.

ठेवायचा कुठे? चामड्याच्या पेटीत तर मुळीच नको. चामडे ओल धरते आणि बुरशीला आयते घर मिळते. दमट हवा शोषून घेणारे विजेचे कपाट मिळते, त्यात चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता राखावी. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने काम भागते. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून घ्याव्या.

रोल घालून पाहा

फिल्म मिळत नाही हा समज आता खरा नाही. मागणी परत आली आहे. २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा काढला आणि रोलायच्या नावाचाही एक नवा ३५ बाजारात आला. सिटी हॉलजवळच्या पेनिन्सुला शॉपिंग सेंटर आणि पेनिन्सुला प्लाझा या इमारती हौशी मंडळींच्या परिचयाच्या आहेत.

रोलाय ३५ मध्ये अंतर आपल्याला अंदाजाने लावावे लागते. सुरुवात करणाऱ्याने एक युक्ती करावी. भिंगाचे छिद्र एफ ११ वर ठेवून अंतर सहा मीटरवर लावावे. म्हणजे सुमारे तीन मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. भर उन्हात शंभर ए.एस.ए.ची फिल्म असेल तर छिद्र एफ १६ आणि वेग सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. आभाळ असेल तर छिद्र एफ ८. सेरंगून रोडवरच्या दुकानांपुढील पडवीत, जिला येथे सारे फाइव्ह-फूट वे म्हणतात, सावली गडद असते. तेथे एफ ४ पर्यंत खाली यावे. काटा बंद असला तरी एवढ्यावर चित्र चांगले येते. पुढे निघालेल्या रोलाय ३५ एस या प्रकारात अधिक उजेड घेणारे एफ २.८ चे भिंग आहे. त्याचे नाव 'सोनार' असले तरी आपल्या सोनारदादांशी त्याचे नाते नाही. सूर्याला जर्मन भाषेत जो शब्द आहे त्यावरून ते आले.

एका रोलमध्ये छत्तीस चित्रे. एवढीच, म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी मनुष्य क्षणभर थांबतो, दोन पावले पुढे जातो, समोरच्याला "जरा इकडे बघा" म्हणतो. मुलांना ही सवय लावण्यासारखी आहे. प्रकाश, अंतर आणि वेळ यांचे गणित वहीत सोडवण्यापेक्षा कॅमेऱ्यावर सोडवले तर लवकर समजते.

एक सूचना फार महत्त्वाची. कॅमेरा उघडण्यापूर्वी आत रोल राहिला आहे का, हे पाहा. फिल्म गुंडाळण्याची कळ हलकेच फिरवली आणि ती जड वाटली तर आत रोल आहे. मागचे झाकण उघडू नका; रोल पूर्ण गुंडाळून घ्या आणि जुनी फिल्म हाताळणाऱ्या प्रयोगशाळेला विचारा. रंग गेलेले असले तरी जुनी रंगीत फिल्म कृष्णधवल पद्धतीने धुतल्यास कधीकधी चेहरे हाती लागतात. कोडाक्रोम असेल तर तिचे रंग आता परत येणार नाहीत. जगात तिची धुलाई करणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतील कॅन्सस राज्यात होती आणि २०१० च्या अखेरीस तिने कोडाक्रोम घेणे बंद केले. कारखान्यातून निघालेला कोडाक्रोमचा शेवटचा रोल स्टीव्ह मॅक्करी यांनी वापरला आणि त्यातली काही चित्रे त्यांनी मुंबईत घेतली.

घरातल्या निगेटिव्हही तपासाव्या. पाकिटाला आंबूस, शिरक्यासारखा वास येऊ लागला तर फिल्म कुजण्यास आरंभ झाला आहे असे समजावे. असल्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या कराव्या आणि उशीर न करता त्यांची प्रत करून घ्यावी.

दुरुस्त करणारे हात

आता खऱ्या चिंतेची गोष्ट. कॅमेरे पुष्कळ उरले आहेत. ते उघडून पुन्हा मिटवणारे हात उरत नाहीत. सुटे भाग बनणे कधीच थांबले. एका मेलेल्या कॅमेऱ्याचे भाग काढून दुसरा जिवंत करायचा, हीच आता रीत आहे. हे काम करणारे बहुतेक कारागीर वयस्कर आहेत आणि त्यांच्या बाकाशेजारी शिकाऊ मुलाचे स्टूल रिकामे आहे. मुंबईच्या फोर्टमधील दुरुस्तीच्या दुकानांतही हेच चित्र आहे. कोणत्या स्क्रूला उलटे आटे आहेत, कोणती स्प्रिंग उघडताच उडून जाते, हे ज्ञान पुस्तकात कमी आणि बोटांत जास्त असते. बोटे थकली की तेही जाते.

ज्या बेटाने एकेकाळी हजारो तरुणांना ही विद्या शिकवली, तेथेच ती शिकायला कोणी उरू नये हे बरे नव्हे. आपल्या घरात हाताने काम करण्याची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर "अभ्यास सोडून हे काय" असे म्हणू नका. बाजारात पडून असलेला एखादा स्वस्त, बंद कॅमेरा आणि योग्य मापाचे दोन स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हाती द्या. काढलेला प्रत्येक भाग कागदावर क्रमाने मांडायला सांगा. कारागीर कामात नसेल तेव्हा त्याच्या दुकानात घेऊन जा आणि अर्धा तास पाहू द्या. दुरुस्तीचे पैसे देताना घासाघीस कमी करा. कुशल हाताची कदर केली तरच तो हात दुसऱ्याला शिकवायला उरतो.

आणि कॅमेरा चालू झाला की पहिला रोल घरच्या वडीलधाऱ्यांवर खर्च करा. आजी-आजोबांना खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसवा. रोल धुऊन आला की प्रत्येक चित्राची प्रत कागदावर काढा आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा. देवनागरीत लिहा, म्हणजे नातवंडांना निदान नावापुरते तरी मराठी वाचावे लागेल.